साहेबाचे ओटे कशासाठी?

विजयदुर्गावरचे तट-बुरुज पाहताना कोडे पडत नाही. ते पडते ‘साहेबाच्या ओट्यां’पाशी. हे चौथरे ना तोफांचे, ना देवळाचे. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांची तुकडी इथे आली होती आणि उपकरणांना न हलणारा पाया हवा होता. हेलियम इथेच सापडला असे आजही सांगतात, पण ते खरे नाही. त्याची पिवळी रेषा लॉकियर यांनी ऑक्टोबर १८६८ मध्ये इंग्लंडमधूनच सूर्याच्या वर्णपटात टिपली होती. १८९५ मध्ये रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅम्झी यांना तो वायू खनिजातून मिळालाही होता. विजयदुर्गावर काम झाले ते लोलक बसवलेल्या कॅमेऱ्यांनी ग्रहणातल्या सूर्याचे वर्णपट टिपण्याचे. ओट्यांचा खरा अभिमान बाळगायचा तो यासाठी.