कळते आणि वळते

वसईच्या बागांतला मोगरा मुंबईच्या बाजारात जातो, हे तुम्हांला ठाऊक असेल. गजरे करणाऱ्या एखाद्या मावशींचे हात नीट पाहा. डोळे गिऱ्हाइकाकडे, तोंडाने हिशेब, आणि बोटे मात्र कळ्या ठेवून, दोरा वळवून गाठ ओढत असतात. गाठ सैल पडली तर फूल गळते, जास्त ओढली तर देठ तुटतो. ‘मावशी, बोट नेमके कसे वळवता?’ असे विचारा. बहुधा त्यांचा चालता हात अडखळेल!

बोटांना आज्ञा मोठ्या मेंदूतून मज्जारज्जूमार्गे जाते. पण चूक डोळ्यांनी पाहून हात सुधारायला सेकंदाचा निदान दहावा भाग लागतो. तोवर गाठ पडून गेलेली असते. म्हणून हालचालीचा परिणाम आधीच ताडावा लागतो. हे काम मुख्यतः डोक्याच्या मागच्या बाजूला असलेल्या लहान मेंदूचे. वजनाने तो संपूर्ण मेंदूच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढा. पण मेंदूतल्या सुमारे ८,६०० कोटी चेतापेशींपैकी ६,९०० कोटी त्याच्यातच आहेत.

त्यातल्या प्रत्येक पुर्किंजे पेशीला लाखाहून अधिक बारीक तंतू बातम्या पुरवतात. शिवाय एक वेगळा तंतू खालून तिला वेलीसारखा बिलगतो. तो जणू ‘चुकले’ एवढेच सांगतो. त्याच वेळी जे बारीक तंतू बोलत होते, त्यांचे त्या पेशीशी असलेले जोड दुबळे होतात. जपानच्या मासाओ इतो यांनी १९८२ मध्ये हे सशांवर दाखवले. शिकण्याची ही एकच रीत नव्हे, हेही आता कळले आहे. हालचाल सुरू करण्यात मेंदूच्या खोल भागातल्या पेशीपुंजांचाही वाटा असतो. कंपवातात त्यांचेच काम बिघडते.

‘कळते पण वळत नाही’ असे आपण म्हणतो. अमेरिकेतल्या हेन्री मोलायसनचे याच्या उलट झाले. फेफऱ्यावर उपाय म्हणून १९५३ साली त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली आणि नवे काही लक्षात राहणेच थांबले. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात पाहून चांदणी गिरवायला दिली. आदल्या दिवशीचे त्याला काहीच आठवत नसे. तरी तीन दिवसांत चुका भराभर कमी झाल्या!

तुम्हीही करून पाहा. एकात एक दोन चांदण्या काढा, हात पुठ्ठ्याआड ठेवा आणि आरशात पाहत दोन रेषांमधून पेन्सिल फिरवा. कोपऱ्यावर हात हट्टाने उलटा जाईल. दहा वेळा करा, प्रत्येक वेळच्या चुका मांडून ठेवा, उद्या पुन्हा करा. मग पेन्सिल दुसऱ्या हातात घ्या. पहिल्या हाताचे शिकणे त्याच्या किती उपयोगी पडते, ते मोजा.