कान झाकणारं मूल: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पत्र्याच्या वर्गखोलीवर पावसाची सर कोसळली की मुलं आरडाओरडा करत मजा लुटतात. एखादं मात्र कान घट्ट दाबून कोपऱ्यात जातं. दुसरं खिचडीचा घास जिभेला लागताच थुंकतं, तिसरं येता-जाता सगळ्यांना धडकतं. जालना जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेत अशी मुलं दिसू शकतात. त्यांच्याविषयीचे काही गैरसमज तपासून पाहू.

गैरसमज: हे हट्ट आहेत, दोन रट्टे दिले की जातील.
वस्तुस्थिती: काही मुलांना साधा आवाज किंवा स्पर्शही सहन होत नाही, तर काहींना भरपूर हालचालही अपुरी वाटते. ही मांडणी अमेरिकेतल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट ए. जीन एअर्स यांनी केली. त्यांचं पुस्तक 1972 साली आलं. हट्ट बहुधा हवं ते मिळालं की थांबतो. हा त्रास मात्र तो आवाज किंवा स्पर्श दूर झाल्याशिवाय शमत नाही.

गैरसमज: एमआरआय काढला की कळेल.
वस्तुस्थिती: यासाठी ना रक्ततपासणी आहे, ना स्कॅन. पालक आणि शिक्षकांना विचारलेले प्रश्न, वर्गातलं निरीक्षण आणि खेळता खेळता घेतलेल्या छोट्या चाचण्या यांवरून अंदाज बांधतात. विनी डन यांची 1999 ची 'सेन्सरी प्रोफाइल' ही अशीच प्रश्नावली. तिचे गुण अमेरिकी मुलांवरून ठरले असल्याने ते इथे जसेच्या तसे लावू नयेत. त्याही आधी कान आणि डोळे तपासावेत. कान वाहणारं मूल हाकेला ओ देत नाही, त्याचं कारण वेगळंच असतं.

गैरसमज: म्हणजे मूल स्वमग्नच.
वस्तुस्थिती: संवेदनांचा वेगळेपणा 2013 पासून स्वमग्नतेच्या निकषांत आहे, पण तो अतिचंचल मुलांत आणि एरवी काहीच अडचण नसलेल्यांतही दिसतो. हा स्वतंत्र आजार मानू नये, असा सल्ला अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2012 मध्येच दिला. आपल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत स्वमग्नता आहे, नुसती ही अडचण नाही. त्यामुळे निव्वळ तिच्यावर प्रमाणपत्र मिळत नाही.

गैरसमज: तपासायला थेट पुणे-मुंबई गाठावी लागते.
वस्तुस्थिती: सुरुवात शाळेतच होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. त्याचं पथक शाळेत वर्षातून एकदा येतं आणि गरज वाटल्यास मुलाला पुढे पाठवतं. समग्र शिक्षाच्या विशेष शिक्षकांशीही बोलता येतं.

गैरसमज: एका भेटीत निदान होतं.
वस्तुस्थिती: पथक मुलाला एक दिवस बघतं, बाई वर्षभर बघतात. त्यात आई-बापासोबत ऊसतोडीला जाऊन परतलेलं मूल नव्या वर्गात बुजलेलं असतं, त्याची झोप मोडलेली असते. तेवढ्यावरून शिक्का मारू नये. तीच वागणूक घरी, शाळेत आणि बाजारातही टिकते का, तिच्यामुळे खाणं, लिहिणं, खेळणं अडतं का, हे पाहावं.

म्हणून पथक येण्याआधी एक वही करा. काय झालं, कुठे, किती वेळ, त्याआधी काय घडलं आणि मूल कशाने शांत झालं, एवढंच तारखेसह लिहा. 'चिडका', 'वेंधळा' असले शब्द टाळा; 'घंटा झाली, कान झाकले, पाच मिनिटं रडला' हे तपासणाऱ्याच्या जास्त उपयोगी पडतं. आणि त्याला घंटेपासून लांब बसवायला कुणाच्या अहवालाची वाट पाहावी लागत नाही.