नोकरीच्या उंबरठ्यावर – लेखांक ६ : विशेषणं नकोत, प्रसंग सांगा

मागच्या लेखांकात आपण बायोडेटा कसा लिहावा ते पाहिलं. बायोडेटा मुलाखतीच्या खोलीपर्यंत पोचवतो. आत जे विचारलं जातं ते बऱ्याच अंशी ठरलेलं असतं. स्वतःबद्दल सांगा. तुमची बलस्थानं कोणती, उणिवा कोणत्या? आमच्याच कंपनीत का यायचंय? आम्ही तुम्हालाच का घ्यावं? प्रश्न आधीच माहीत असल्यामुळे उत्तरंही पाठ करून नेली जातात, आणि इथेच नवा पदवीधर अडकतो. मी मेहनती आहे, लवकर शिकतो, टीममध्ये मिसळून काम करतो, जबाबदारी घ्यायला आवडते. ही वाक्यं खरी असतीलही, पण समोरच्याला ती तपासायची कशी? त्याच दिवशी त्याच खुर्चीत बसलेल्या वीस जणांनी ती त्याच क्रमाने म्हटलेली असतात. या लेखात मला एकच गोष्ट मांडायची आहे : नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं पाठ करण्यात घालवलेला वेळ बहुतांशी वाया जातो; तोच वेळ स्वतः केलेल्या कामाचे पाच-सहा प्रसंग नीट आठवून, तपशिलासह मांडायला शिकण्यात घालवावा.

हा सल्ला कुणाच्या आवडीनिवडीतून आलेला नाही. मुलाखतीवरून माणसाच्या पुढच्या कामाचा अंदाज कितपत येतो, याचा अभ्यास मानसशास्त्रज्ञ शंभर वर्षं करत आले आहेत. श्मिट आणि हंटर यांनी १९९८ साली ८५ वर्षांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला. मुलाखतीतला अंदाज आणि प्रत्यक्ष काम यांचा मेळ मोजायचं माप असं, की १ म्हणजे तंतोतंत जुळणं आणि ० म्हणजे काहीच संबंध नसणं. या मापावर मनाला येईल तसे प्रश्न विचारून घेतलेली मुलाखत ०.३८ वर आली, तर सर्वांना तेच ठरावीक प्रश्न विचारून, ठरलेल्या निकषांवर गुण देत घेतलेली मुलाखत ०.५१ वर. २०२२ मध्ये सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या आकडेमोडीतल्या त्रुटी काढल्या, तेव्हा दोन्ही आकडे खाली आले : विस्कळीत मुलाखत ०.१९, आखीव मुलाखत ०.४२. पण दोघींमधली दरी उलट वाढली, आणि निवडीच्या साऱ्या साधनांमध्ये आखीव मुलाखत पहिल्या क्रमांकावर आली. अशा मुलाखतीत साधारण दोन प्रकारचे प्रश्न असतात. एक, तुमच्यावर अशी वेळ आली होती तेव्हा तुम्ही काय केलंत. दुसरा, अशी वेळ आली तर काय कराल. दोन्ही प्रकार १९८०च्या सुमारास अभ्यासकांनी पद्धतशीर मांडले आणि नंतर मोठ्या कंपन्यांनी उचलले. दोन्हींत गुण मिळतात ते कृतीला. स्वतःला चिकटवलेल्या विशेषणासाठी त्या गुणपत्रकात रकानाच नसतो.

आता हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते पाहू. बीकॉम झालेला एक उमेदवार हिशेबनीसाच्या जागेसाठी गेला आहे आणि त्याला त्याचं बलस्थान विचारलं आहे असं धरू. ‘मी प्रामाणिक आहे आणि कामात काटेकोर आहे’ या उत्तरावर समोरचा मान हलवतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. त्याऐवजी तो म्हणतो : ‘गणेशोत्सवात आमच्या मंडळाच्या दोन गल्ल्यांची वर्गणी माझ्याकडे होती. शेवटी पावतीपुस्तकाची बेरीज आणि हातातली रोकड यांत चारशे रुपयांचा फरक आला. मी सगळ्या स्थळप्रती पुन्हा लावून पाहिल्या. दोनशे-दोनशेच्या दोन पावत्यांचे पैसे खजिनदाराच्या फोनवर आले होते आणि नोंद मात्र रोख म्हणून झाली होती. यंदा आम्ही रोख आणि ऑनलाइन वर्गणीची पावतीपुस्तकं वेगळी केली.’ या उत्तराला अर्धा मिनिट पुरतो. त्यात प्रामाणिकपणाचा उल्लेखही नाही, तरी ऐकणाऱ्याला तो दिसतो. शिवाय चूक शोधून थांबणारा आणि चूक पुन्हा होऊ नये म्हणून पद्धत बदलणारा यांतला फरकही कळतो. हिशेबाच्या कामात याच फरकाला किंमत आहे. अशा उत्तराचे चार भाग असतात : परिस्थिती काय होती, माझ्यावर काय होतं, मी काय केलं, त्यातून काय झालं. बहुतेक उमेदवार पहिल्या भागात रेंगाळतात आणि तिसरा गुंडाळतात. वजन तिसऱ्याला द्यायचं. चौघांनी मिळून केलेल्या प्रोजेक्टबद्दल बोलताना तर हे फारच जपावं लागतं. गटाने काय केलं हे एका वाक्यात सांगून आपल्या वाट्याला काय आलं आणि ते कसं निभावलं यावर यावं. स्वतःचा वाटा स्पष्ट सांगणं म्हणजे बढाई नव्हे. आपल्याकडच्या मुलांना, विशेषतः मुलींना, हे समजावून सांगावं लागतं.

उणिवेच्या प्रश्नालाही हाच न्याय लागू होतो. ‘मी परफेक्शनिस्ट आहे’ हे उत्तर उणीव लपवतं आणि लपवल्याचं दाखवूनही देतं. खरी, पण सुधारता येण्यासारखी उणीव सांगावी आणि तिच्यावर केलेली एखादी ठोस गोष्ट सांगावी : लोकांसमोर बोलताना अडखळायचो, म्हणून शेवटच्या वर्षी प्रत्येक सेमिनारला नाव आधी दिलं. एटीकेटी लागली होती का, वर्ष का वाया गेलं, हे प्रश्नही याच घरातले. गुणपत्रिका समोर असताना सारवासारव करण्यात अर्थ नाही. विषय कोणते राहिले, का राहिले आणि कसे सोडवले, हे तीन वाक्यांत सांगून थांबावं. ‘आमच्याच कंपनीत का’ आणि ‘पाच वर्षांनी कुठे’ हे प्रश्न भविष्याचे वाटतात, पण त्यांनाही पुरावाच हवा असतो, फक्त तो गृहपाठाचा. कंपनी काय बनवते, कुणाला विकते, आपण ज्या विभागात जाणार त्याचं रोजचं काम काय, हे शोधून त्यातली एक गोष्ट आपल्या शिकण्याशी जोडता आली, तर ‘नामांकित कंपनी आहे म्हणून’ असं म्हणायची वेळ येत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे : आमच्याकडे सांगण्यासारखं काही नाहीच. इंटर्नशिप शहरातल्या मुलांना मिळते, तालुक्याच्या कॉलेजात कोण विचारतं? संधी सारख्या नाहीत, ही तक्रार रास्त आहे. पण प्रसंग आणि इंटर्नशिप एकच नव्हे. राष्ट्रीय सेवा योजनेचा स्वयंसेवक दोन वर्षांत २४० तास काम करतो आणि सात दिवसांच्या निवासी शिबिरात राहतो. बायोडेटात याची एक ओळ होते आणि मुलाखतीत तीही निसटते. त्या शिबिरात शिधा पुरवून वापरण्याचं काम कुणीतरी केलेलं असतं, श्रमदानाला न येणाऱ्यांना कुणीतरी समजावलेलं असतं. घरचं दुकान, दूध संकलन केंद्रावरच्या नोंदी, लहान मुलांच्या शिकवण्या, टॅली शिकता शिकता सीएच्या ऑफिसात केलेली कामं, यांतही अडचण, निर्णय आणि निकाल असतो. पगारी नोकरी केली नाही म्हणून अनुभव नाही, ही समजूत उमेदवाराची असते. फ्रेशरला बोलावणाऱ्याने अनुभवाची अट आधीच सोडलेली असते.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. आखीव मुलाखती मोठ्या कंपन्यांत. लहान फर्ममध्ये मालक समोर बसतो, गाव विचारतो, वडील काय करतात विचारतो आणि दहा मिनिटांत निकाल लावतो. तिथे हे प्रसंग सांगायचे कधी? माझ्या मते तिथेच त्यांची गरज जास्त आहे. मुलाखतीला घडी नसेल तर निर्णय पहिल्या छापेवर, बोलण्याच्या ढबीवर, इंग्रजीच्या सफाईवर जातो आणि त्यात मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचं नुकसान होतं. प्रश्नकर्त्याने घडी आणली नसेल तर ती उमेदवाराने आणावी. ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटल्यावर नाव, गाव, शाळा, छंद असा क्रम न लावता शिक्षण एका वाक्यात आटपून ‘या कामाशी जुळणारी एक गोष्ट सांगतो’ म्हणत प्रसंगावर यावं. तपशील ठोस असेल तर साधं इंग्रजीही पुरतं, कारण ऐकणाऱ्याचं लक्ष घडलेल्या गोष्टीकडे जातं. मराठीत बोललं तर चालेल का, असं विचारण्यातही काही गैर नाही.

तिसरा आक्षेप : सगळेच वाढवून सांगतात, मग आपणच खरं का सांगायचं? २००७ साली लेवाशिना आणि कँपियन यांच्या अमेरिकेतल्या अभ्यासात ९० टक्क्यांहून अधिक विद्यार्थी-उमेदवारांनी मुलाखतीत काही ना काही बनाव केल्याचं आढळलं. उघड खोट्याच्या जवळ जाणाऱ्यांचं प्रमाण मात्र त्याहून कमी होतं. म्हणजे मोह सार्वत्रिक आहे. पण प्रसंगाला लगेच पुढचा प्रश्न येतो : फरक किती दिवसांनी कळला, खजिनदार काय म्हणाला, दुसरा उपाय सुचला होता का? ज्याने ते केलं त्याला ही उत्तरं शोधावी लागत नाहीत. उसना प्रसंग दुसऱ्याच प्रश्नाला फाटतो आणि मग खरं सांगितलेलंही संशयात जातं.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. उमेदवाराने सगळं नीट केलं तरी मुलाखत हे सदोष साधन आहे. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून कनिष्ठ पातळीवरच्या पदांसाठी मुलाखत बंद केली, ती तिच्यातून वशिल्याला वाट मिळते म्हणूनच. १९७६ च्या समान वेतन कायद्याने भरतीत स्त्रियांशी भेदभाव करायला मनाई केली, तरी ‘लग्न कधी करणार’ हा प्रश्न मुलींना आजही ऐकावा लागतो. त्यावर ‘या कामासाठी लागणारा वेळ मी देऊ शकते’ एवढं सांगून कामाकडे वळावं, आणि नकार आला तर तो आपल्या लायकीचा निवाडा मानू नये. साधन सुधारण्याची जबाबदारी नोकरी देणाऱ्यांची आहे. आपल्या हातात आहे ते एवढंच, की निर्णय घेणाऱ्यापुढे खरा आणि तपासता येईल असा माल ठेवणं.

म्हणून या आठवड्याचं काम : वही घ्या आणि गेल्या तीन वर्षांतले सहा प्रसंग लिहा. एक अडचण सोडवल्याचा, एक चूक सुधारल्याचा, एक मतभेद मिटवल्याचा, एक स्वतःहून शिकल्याचा, एक वेळेच्या ताणाचा, एक अपयशाचा. प्रत्येकात आकडा, तारीख किंवा वस्तू असा एक तरी पक्का तपशील हवा. मग घड्याळ लावून प्रत्येक प्रसंग दीड मिनिटात मोठ्याने सांगून पाहा. शब्द पाठ करू नका, क्रम लक्षात ठेवा. नेहमीचा कोणताही प्रश्न घेतला तरी या सहांपैकी एक प्रसंग त्याला लागू पडतो, हे तुमच्याच लक्षात येईल. पगाराची अपेक्षा किती, हा एकच प्रश्न या पद्धतीत बसत नाही. त्यासाठी बाजारभावाची माहिती लागते, आणि पुढचा लेखांक त्यावरच आहे.