कंठलंगोटाचे मोल

नेकटायला मराठीत ‘कंठलंगोट’ म्हणून हिणवण्याची परंपरा जुनी आहे. ना थंडीपासून बचाव, ना घाम पुसण्याची सोय. गळ्याला फास लावून साहेब बनायचे, एवढाच तिचा उपयोग, असा त्या शब्दामागचा टोमणा. या निरुपयोगी पट्टीचे जगभर संग्राहक आहेत आणि सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीच्या एखाद्या टायसाठी ते शेकडो डॉलर मोजतात, हे कळल्यावर माझे कुतूहल जागे झाले. वस्त्रशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. जुनी लेबले, लिलावांच्या याद्या आणि हाती आलेले टाय उसवून पाहणे, हीच माझी शाळा. त्या शाळेत एक प्रश्न कायम समोर राहिला : जुन्या वस्तूची किंमत नेमकी कशाची असते?

आधी घडण पाहू. टायचा उगम तीस वर्षांच्या युद्धातील क्रोएशियन भाडोत्री सैनिकांच्या गळपट्ट्यात सांगतात. फ्रेंच ‘क्राव्हाट’ हा शब्दही ‘क्रोआट’वरूनच आला. पण आज आपण ओळखतो तो टाय जेसी लँग्सडॉर्फ या न्यूयॉर्कच्या कारागिराचा. कापड ताण्याच्या दिशेने सरळ न कापता पंचेचाळीस अंशांत तिरके कापायचे आणि तीन तुकडे जोडून टाय शिवायचा, ही त्याची पद्धत. तिचे पेटंट १९२० च्या दशकातले. तिरक्या कापडाला ताण सोसून पुन्हा मूळ आकारात येण्याचा गुण असतो. त्यामुळे टाय पिळवटेनासा झाला आणि टिकू लागला. टिकला म्हणूनच तो पुढे जमवता आला. संग्राहकांच्या बाजाराचा मोठा भाग या काळानंतरच्या मालावर चालतो तो यामुळेच.

या बाजारातला सर्वांत लाडका काळ म्हणजे १९४० चे दशक, आणि त्याला कारण युद्ध. १९४१ मध्ये जपानकडून अमेरिकेत येणारे रेशीम थांबले. उरलेले रेशीम हवाई छत्र्या आणि तोफांच्या दारूच्या पिशव्यांकडे वळले. १९४२ मध्ये पुरुषांच्या कपड्यांवरही सरकारी निर्बंध आले. पँटची खालची दुमड गेली, काही सुटांचे जाकीट गेले. टाय उरला, पण रेयॉनचा. पुढे युद्ध संपले आणि वर्षानुवर्षे एकाच रंगाचा गणवेश घातलेले लाखो तरुण घरी परतले. त्यांच्या गळ्यात जे आले ते पाहण्यासारखे होते : साडेचार-पाच इंच रुंद, आखूड, आणि त्यावर ताडाची झाडे, घोडे, मासे, विमाने, नर्तकी. काही हाताने रंगवलेले. काहींच्या अस्तराच्या आत बाईचे चित्र लपवलेले. वरून सभ्य, आतून खट्याळ. साल्वादोर दालीसारख्या चित्रकारानेही त्या दशकात टायसाठी नक्षी काढली.

इथे आपल्या पैठणीच्या हिशेबाला धक्का बसतो. आपण रेशीम अस्सल की नकली यावर भाव ठरवतो. चाळीसच्या दशकातील टायच्या बाबतीत रेयॉन हा दोष नाही, चित्र महत्त्वाचे. दुकानात एक-दोन डॉलरला मिळणारा रेयॉनचा रंगीत टाय आज त्याच काळातील साध्या रेशमी टायपेक्षा महाग जातो.

भावाची उतरंड साधारण अशी दिसते. सर्वांत खाली, दहा-वीस डॉलरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी, साधे पट्टे आणि ठिपके. असा माल ढिगाने मिळतो. त्यावर चाळीसच्या दशकातील ठळक चित्रांचे आणि हाताने रंगवलेले टाय. चांगल्या स्थितीत असतील तर काही दशक डॉलर, चित्र दुर्मीळ असेल तर शंभरापर्यंत. लपवलेल्या चित्राचे टाय त्याच्या पुढे. लेबलावर दालीचे नाव असलेले टाय कित्येक शे डॉलरच्या घरात जातात. ‘काउंटेस मारा’ या न्यूयॉर्कच्या नाममुद्रेने टायच्या दर्शनी भागावरच आपली मुकुटासह आद्याक्षरे मिरवली. तिचे चाहते वेगळे. लंडनच्या मायकल फिशचा साठच्या दशकातला रुंद ‘किपर’ टाय किंवा राल्फ लॉरेनने १९६७ मध्ये ज्यांच्यावर आपला धंदा उभा केला ते रुंद टाय, यांना फॅशनच्या इतिहासातले टप्पे म्हणून मागणी असते.

हे आकडे वाचताना एक पथ्य पाळावे. विक्रेत्याने मागितलेली किंमत आणि गिऱ्हाइकाने मोजलेली किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तीनशे डॉलरची चिठ्ठी लावलेला टाय वर्षभर तसाच पडून असतो. वस्तू विकली गेली तो आकडा खरा, बाकीची निव्वळ आशा.

वय ओळखण्याच्या खुणा आहेत. अमेरिकेत १९६० पासून कापडातील धाग्याचा प्रकार लेबलावर लिहिणे सक्तीचे झाले. तशी नोंद मुळातच नसलेला अमेरिकी टाय बहुधा त्याआधीचा. रुंदी, लांबी, अस्तर यांची साक्ष जोडीला घ्यावी. मग स्थिती. सुपाचा डाग, कसरीचे भोक, सततच्या गाठीने पडलेली वळी, यांपैकी काहीही भाव पाडते. इस्त्रीसुद्धा घात करते. चांगल्या टायची कड गोलसर वळलेली असते; ती दाबून सपाट केली की जाणकार हात आखडता घेतो.

गिऱ्हाईकही दोन प्रकारचे. एक घालणारा, दुसरा खणात जपून ठेवणारा. घालणाऱ्याला लांबी हवी, म्हणून चाळीसच्या दशकातील आखूड टाय त्याला अडचणीचा. जपणाऱ्याला चित्र हवे. १९८७ साली रॉड डायर आणि रॉन स्पार्क यांचे ‘फिट टू बी टाइड’ हे चाळीसच्या दशकातील टायचे सचित्र पुस्तक निघाले आणि दुसऱ्या प्रकाराला जणू संदर्भग्रंथ मिळाला. नव्वदच्या दशकात अमेरिकेत स्विंग नृत्याची लाट परतली, तेव्हा पहिला प्रकारही वाढला. त्यानंतर टायच ओसरला. २००७ च्या गॅलप पाहणीत रोज टाय लावून कामाला जाणारे अमेरिकी पुरुष अवघे सहा टक्के निघाले, आणि २००८ मध्ये तिथल्या टाय उत्पादकांची संघटना विसर्जित झाली. वापर संपला की सगळेच जुने महाग होते, हा समज इथे खोटा ठरतो. कपाटे रिकामी होऊन साधा माल बाजारात लोटला आणि स्वस्त झाला. दुर्मीळ तेवढे टिकून राहिले.

वस्तू कोणाच्या अंगावर होती, हा आणखी एक घटक. २०१५ साली सुरतेत पंतप्रधानांचा नाव विणलेला सूट ४ कोटी ३१ लाखांना गेला. तिथे कापड आणि शिलाई यांचा हिशेब नव्हताच.

आता आपल्याकडे वळतो, कारण दिवाळीच्या साफसफाईत आजोबांचा टाय सापडला की लोक मला भाव विचारतात. बहुतेकांना उत्तर आवडत नाही : जवळजवळ काही नाही. आपल्याकडच्या कपाटांतून निघतात ते मुख्यतः साध्या पट्ट्यांचे किंवा सत्तरच्या दशकातील पॉलिएस्टरचे टाय. बोहारीणसुद्धा त्यांच्या बदल्यात भांडे देत नाही.

माझ्या वडिलांकडे असाच एक मरून टाय होता, नोकरीच्या मुलाखतीसाठी घेतलेला. पुढे चाळीतल्या सात-आठ जणांनी तो मुलाखतींना नेला. गाठ बांधता येणारा एकच माणूस, त्यामुळे ती कधी सोडलीच जात नसे. सैल करून डोक्यावरून काढायची आणि पुढच्याच्या हाती द्यायची. फोटो स्टुडिओत गिऱ्हाइकांसाठी कोट-टाय टांगलेले असत, तेही याच जातीचे. त्या टायच्या गाठीच्या जागी जी कायमची वळी आहे, ती संग्राहकाच्या यादीत दोष म्हणून लागते. माझ्या लेखी तोच त्याचा दस्तऐवज आहे.

याहून मोठे उदाहरण महाराष्ट्राच्या गावोगावी उभे आहे. निळा सूट, लाल टाय आणि हातात संविधान असलेला बाबासाहेबांचा पुतळा. काय ल्यावे, काय लेऊ नये, याची बंधने ज्या समाजावर लादली गेली, त्याने त्या टायमध्ये साहेबी नक्कल पाहिली नाही; मान ताठ ठेवण्याचा हक्क पाहिला. ‘कंठलंगोट’ म्हणून हसणे ज्याला परवडत होते आणि ज्याला परवडत नव्हते, असे दोन महाराष्ट्र या एका पट्टीने वेगळे दाखवले. पुण्यात सिम्बायोसिसच्या संग्रहालयात बाबासाहेबांच्या वापरातील वस्तू जपल्या आहेत. पण त्यांच्याकडे पाहून ज्या हजारो कारकुनांनी, शिक्षकांनी, बँकेतल्या पहिल्या पिढीने आयुष्यातला पहिला टाय बांधला, त्यांचे टाय कोणी जपायचे? बाजार ते काम करणार नाही. बाजार दालीचे नाव वाचतो. सदाशिव पेठेत किंवा परळच्या चाळीत तो टाय कोणी, कशासाठी बांधला, हे त्याला वाचता येत नाही.

म्हणून भाव विचारणाऱ्याला मी एवढेच सांगतो : टाय धुऊ नका, इस्त्री करू नका, सैलसर गुंडाळी करून मलमलीत ठेवा. सोबत एक चिठ्ठी घाला. कोणाचा, कोणत्या साली घेतला, कोणत्या प्रसंगी लावला. आणि तो लावलेला फोटो असेल तर त्याची प्रत. त्या चिठ्ठीने भाव एका डॉलरनेही वाढेल असे नाही, पण ती लिहू शकणारी माणसे आता सत्तरीच्या पुढे आहेत.