अंबाडा दिसला की

राजापूर तालुक्यातल्या त्या घरी मला बोलावलं होतं ते घराचे फोटो काढायला. गणपती झाले की घर पाडून तिथं स्लॅबचं बांधायचं ठरलं होतं. त्याआधी खांब, तुळया, देवघराची चौकट, माळ्याची शिडी सगळं एकदा नीट टिपून ठेवावं, अशी घरातल्या थोरल्या सुनेची इच्छा. ओटीवर आणि पडवीत मागच्या पिढीनं कोबा करून घेतला होता. माजघर मात्र अजून शेणानं सारवलेलं, आणि तिथलं सारवण ७८ वर्षांच्या सासूबाई दुसऱ्या कुणाला करू देत नसत. त्यांना सगळी वाडी आत्या म्हणायची. दुसऱ्या दिवसापासून मीही म्हणू लागले.

अशा घरात फोटोला सगळ्यांत अवघड जागा म्हणजे माजघर. पुढे ओटी, मागे स्वयंपाकघर, दोन्ही बाजूंना खोल्या. बाहेरची भिंतच वाट्याला येत नाही, मग खिडकी कुठली? उजेड येतो तो दारांमधून गाळत गाळत, आणि छपरातल्या एखाद्या काचेच्या कौलातून. बासेल मिशननं १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ती मंगलोरी कौलं किनाऱ्यानं वर येत कोकणातल्या घरांवर चढली. त्याच मापाचं काचेचं कौल मध्ये बसवलं की खालच्या अंधारात ऊन उतरतं. हातभर लांब, वीतभर रुंद, एवढीच ती खिडकी. या घराला असं एकच कौल होतं, कडेनं शेवाळ धरलेलं.

पहिला दिवस मी त्या एका कौलाला दिला. भाद्रपदात इथला सूर्य दुपारी साडेबाराच्या पुढेमागे जवळजवळ डोक्यावर असतो. उन्हाचा पट्टा कौलाच्या जवळपास सरळ खाली पडतो आणि मग पूर्वेकडे सरकत जातो. कौल जमिनीपासून साधारण साडेचार मीटर उंच. त्या हिशेबानं पट्टा तासाला सव्वा मीटर, म्हणजे मिनिटाला दोन सेंटिमीटर चालायला हवा. ताळा घ्यावा म्हणून ऊन आलं की दर पंधरा मिनिटांनी त्याच्या कडेला मी रांगोळीचा एक ठिपका ठेवत गेले. ढग सारखे आड येत होते, तरी चार ठिपके पडले, आणि हिशेब जुळला.

"हे कसले ठिपके गो?" आत्यांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी ठिपक्यांकडे एकवार पाहिलं. "मला विचारायचंस. जात्यापाशी ऊन आलं की जेवणं उरकायला हवीत. त्या खांबाला लागलं की चहा टाकायचा."

धुतलेली भांडी कुठं पालथी घालायची, पापड कुठं पसरायचे, न्हाऊ घातलेल्या बाळाला घेऊन कुठं बसायचं, सगळं त्या घरात या पट्ट्यावरून ठरलेलं होतं. माझ्या चार ठिपक्यांपेक्षा त्यांचं जातं आणि खांब जास्त उपयोगी पडले. पुढं जो फोटो निघाला तो त्यांनी दिलेल्या या माहितीवरच निघाला, आणि हे मी प्रत्येक वेळी सांगते, कारण अवचित क्षणाचा फोटो पाहून लोक म्हणतात, नशीब बघा, नेमकी तिथं होतीस. मी नेमकी तिथं बसले होते, कारण ऊन आणि भांडी नेमकी तिथं येणार हे मला कळलेलं होतं. नाचाची मात्र मलाच काय, नाचणाऱ्या दोघींनाही कल्पना नव्हती.

गौरीपूजनाचा दिवस. घरात तेरा-चौदा बायका. घावन-घाटल्याचा नैवेद्य झाला, नव्या सुनांचे सुपातले ओवसे झाले. रात्री ओटीवर वाडीतल्या बायका फुगड्यांना जमणार होत्या आणि त्याचे फोटो मी काढावेत असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. दुपारी माझ्यापुढं काम होतं ते विड्याची पानं पुसायचं. जात्यापासून तीन मीटरवर, भिंतीला पाठ लावून मी बसले होते. कॅमेरा मांडीवर.

तीन मीटर हे अंतर मी आधी ठरवलं होतं. ३५ मिलिमीटरची लेन्स, अपर्चर २ वर उघडं, फोकस हातानं तीन मीटरवर बांधलेला. या जुळणीत साधारण अडीच ते साडेतीन मीटरमधलं सगळं पुरेसं स्पष्ट येतं. जातं आणि त्याभोवतीची जागा त्यात बसत होती. ऑटोफोकस अंधारात चाचपडतो, आणि त्याच्या मदतीला कॅमेऱ्यावरचा बारका दिवा लागला की खोलीतली सगळी डोकी वळतात. आयएसओ ३२०० आणि शटर सेकंदाचा साठावा भाग. मळभ असताना त्या माजघराला याहून वेगाचं शटर परवडत नव्हतं. आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर मी बंद ठेवलं होतं. ते चित्र एकदम न घेता ओळीओळीनं घेतं. त्यात गरगर फिरणारं माणूस तिरकं येतं, आणि कुणी ट्यूब लावली तर चित्रभर आडवे पट्टे उमटतात. बटणाचा खटका त्यापेक्षा बरा. चौदा जणींच्या बांगड्यांत तो ऐकूही जात नाही.

दीड वाजून गेला होता. थोरली सून परात, पातेली, तांबे घासून आणत होती आणि जात्याशेजारी पालथे घालत होती. रोजची सवय. ऊन काही नव्हतं. कौलांवर पाऊस वाजत होता, मग वाजायचा थांबला. मिनिटभरानं त्या काचेतून ऊन आलं आणि नेमकं पालथ्या परातीच्या बुडावर पडलं.

सारवलेली जमीन उजेड गिळते. पट्टा रोज तिथं पडायचा आणि भोवतीची खोली होती तशी काळोखी राहायची. पितळेची ओली परात मात्र सगळा उजेड वर फेकत होती. वाशांवर, खांबावर, भिंतीशी बसलेल्या बायकांच्या हनुवट्यांवर एकदम पिवळा उजेड चढला. बोलणं जरा थांबलं. आत्या लसूण सोलत होत्या. त्यांनी टरफलं झटकली, उठल्या, पदर कमरेला खोचला आणि सुनेसमोर दोन्ही हातांची फुली केली.

"ये."

सुनेचे हात ओले होते. ते पुसायच्या आतच आत्यांनी धरले.

फुगडीत दोघींचे पाय मधोमध चवड्यांना चवडे भिडवून असतात आणि अंगं बाहेर झुकलेली. म्हणजे फिरण्याचा आस पावलांशी, आणि जसजसं वर जावं तसतसा वेग वाढत जातो. पावलं जवळजवळ जागच्या जागी नाचतात. घट्ट धरलेले हात मध्यावर असतात, तेही फार हलत नाहीत. सगळ्यांत वेगानं फिरतात डोकी. आत्या दीड सेकंदात एक फेरा घेत होत्या. डोकं मध्यापासून दोन फुटांवर धरलं तर ते सेकंदाला अडीच मीटरनं जात होतं. साठाव्या भागात चार सेंटिमीटर सरकणार, म्हणजे चेहरा पुसला जाणार. पाचशेव्या भागात अर्धाच सेंटिमीटर, म्हणजे सगळं थिजणार. परातीच्या उजेडानं मला दोनेक पायऱ्यांची सूट दिली होती. मी एकच घेतली, चाक १२५ वर फिरवलं. तोवर साठवर दोन फ्रेम काढून झाल्या होत्या, दोन्ही जास्त उजळलेल्या.

पाचशेवर नेण्याइतका उजेड मिळाला असता तरी मी नेलं नसतं. थिजवलेली फुगडी म्हणजे हात धरून मागं कलंडलेल्या दोन बायका. त्या फिरतायत हे चित्रात कुठंतरी दिसायला हवं, आणि ते दिसायची जागा डोक्यांपाशी आहे, जिथं खरोखर वेग आहे.

आता प्रश्न बटण कधी दाबायचं. प्रत्येक फेऱ्यात आत्यांचा चेहरा माझ्याकडे येत होता तो सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शापुरता. चेहरा दिसल्यावर दाबलं तर उशीर, कारण डोळ्यानं पाहून बोट हलेपर्यंत सेकंदाचा पाचवा भाग जातोच, आणि तेवढ्यात त्या ४८ अंश पुढं गेलेल्या असतात. म्हणून मागून मोजत यायचं. आधी पाठ, मग अंबाडा, अंबाड्यातलं तेरड्याचं फूल, मग कान आणि कानातली कुडी. कुडी दिसली की दाबायचं. ती चमकली आणि बोट खाली गेलं की शटर उघडेपर्यंत चेहरा येतो. पहिल्या तीन-चार फेऱ्यांत मला हा ताल सापडत नव्हता. मग अंबाडा दिसला की श्वास धरायचा, कुडीला दाबायचं, असं बसलं. तोंडानं घुमवलेला त्यांचा फूं-फूं आवाजही त्याच तालावर होता. एका टप्प्यावर मी डोळ्यांपेक्षा कानांनी फोटो काढत होते.

बारा-तेरा फेरे. वीस सेकंद फार तर. नऊ फ्रेम. मग आत्या हसत हसत जात्यावर बसल्या आणि सगळ्याजणी एकदम बोलायला लागल्या.

तेवढ्यात घरातल्या एका तरुणानं दारातून पाहिलं आणि मला सोयीचं व्हावं म्हणून ट्यूब लावली. सगळ्या खोलीभर सारखा पांढरा उजेड. "परत एकदा करा, तिला नीट काढू दे." आत्या माझ्याकडे पाहून उठल्या. मी परत करा असं कधीच म्हणत नाही, पण उठलेल्या माणसाला बसा तरी कसं म्हणायचं. फुगडी झाली, मी फोटोही काढले, आणि ते नीट पाहिल्यावर मला एक गोष्ट कळली ती अजून उपयोगी पडते. पहिल्या फुगडीत दोघी इतक्या मागं झुकल्या होत्या की एकीनं हात सोडला असता तर दुसरी पडली असती. दुसऱ्या खेपेला दोघींनाही चेहरा कॅमेऱ्याला दाखवायचा होता. चेहरा बाहेर वळवला की मान ताठते, पाठ सरळ होते, झोक जातो. हसू खरं होतं, हातही तेच होते. फक्त कुणी कुणावर भार टाकलेला नव्हता. फुगडी खरी की फोटोसाठीची, हे त्या दिवसापासून मी चेहऱ्यावरून न ठरवता पाठीच्या कोनावरून ठरवते.

ठरवून केलेल्या नृत्याच्या फोटोबद्दल मला तक्रार नाही. बार्बरा मॉर्गननं १९४० मध्ये मार्था ग्रॅहॅमचा काढलेला फोटो, कमरेत वाकलेली ती आणि मागं पंख्यासारखा उसळलेला घोळदार झगा, हा कॅमेऱ्यासाठीच केलेला नाच आहे, आणि नृत्याच्या फोटोंत त्याच्या तोडीचे थोडे. पण ग्रॅहॅम ही रंगमंचावरची नर्तकी होती, पाहिलं जाणं तिच्या कामातच होतं. माजघरातल्या बाईचं तसं नाही. तिच्यासाठी मला जवळचा वाटतो तो जाक आंरी लार्तिग. १९०५ च्या सुमारास, दहा-अकरा वर्षांचा असताना, त्यानं पॅरिसमध्ये आपल्या घराच्या पायऱ्यांवरून झेप घेणाऱ्या बहिणीचा फोटो काढला. चुलत-मामेबहिणींपैकी ती, झग्यासकट हवेत. जगाला तो फोटो नीट दिसला १९६३ मध्ये, न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात. समोर कॅमेरा घेऊन घरातलंच पोर होतं, म्हणून ती तशी उडाली असं मला तो पाहताना वाटतं. मी त्या घरातली नव्हते. तीन दिवस पानं पुसून, भाजी निवडून जेवढी होता येईल तेवढी झाले होते.

रात्री नऊ फ्रेम लॅपटॉपवर पाहिल्या. दोन उजळून गेलेल्या. तीन फ्रेममध्ये नुसती पाठ. एकीत सुनेचा चेहरा सुरेख, पण आत्या तिच्याआड. एक हललेली, माझ्याच हातानं. उरल्या दोन, त्यांतली सातवी मी ठेवली. आत्यांचा चेहरा अर्धा माझ्याकडे, ओठ गोल. कपाळावरच्या पांढऱ्या केसांची एक रेघ मागं ओढली गेली आहे, कुडीच्या जागी उजेडाचा एक छोटा कंस. धरलेले हात मात्र इतके स्पष्ट की सुनेच्या मनगटावरचं पाणी दिसतं. दोघींच्या मधून, पलीकडे, कौलातून उतरलेला उन्हाचा खांब अगदी पांढरा फटक, तपशील काही नाही. तो सावरून घेता आला असता. मी तसाच राहू दिला. त्या खोलीत डोळ्यांनाही तो तसाच दिसत होता.

रात्रीच्या ओटीवरच्या फुगड्याही मी टिपल्या. बसफुगडी, दंडफुगडी, एका हाताची. चांगले आहेत ते फोटो, घरच्यांना तेच जास्त आवडले, कारण त्यात सगळ्याजणी ओळखू येतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यांना सातवी फ्रेम दाखवली. त्यांनी चष्मा आणायला लावला. बराच वेळ पाहत होत्या. बाहेर कुठं छापलं तर चालेल का, मी विचारलं. "घरच्यांना दे. बाहेर दाखवलंस तर नाव नको घालूस." मग पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे खालचं मोठं करून दाखव."

मी पावलं मोठी करून दाखवली. चवड्यांपाशी जमीन खरवडली गेली होती, ओल्या सारवणाचा एक पोपडा उडताना फोटोत आला होता. माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

"तरी म्हटलं, पायाला खडबडीत काय लागतंय," आत्या म्हणाल्या, आणि उठून माजघरात गेल्या. मी मागोमाग. जात्याशेजारी ताटाएवढं गोल उमटलं होतं, आत अंगठ्यांचे खड्डे. त्यांनी सुनेला शेण कालवायला सांगितलं, पाटावर बसल्या आणि हातानं ते गोल बुजवून चारी बोटांनी वरून अर्धवर्तुळं ओढली, बाकीच्या जमिनीशी जुळतील अशी. घर आठ-दहा दिवसांत पाडायचं होतं.

दुपारी ऊन जात्यापाशी पोचलं तेव्हा ती जागा कडेनं सुकत आली होती.