अर्ध्या तासाचं प्रतिजैविक

१८ नोव्हेंबरला प्रतिजैविक-प्रतिरोध जागरूकता सप्ताह सुरू झाला की दोन गोष्टी ठरलेल्या असतात. एक, डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या घेऊ नका ही सूचना. दुसरी, बेडकाच्या चिकट स्रावात महाजंतूंवर औषध सापडल्याची बातमी. पहिली वाचून आपण पान उलटतो, दुसरी फॉरवर्ड करतो. बातमी खोटी नसते, फक्त जुनी असते. केरळातल्या बेडकाचं ‘उरुमिन’ इन्फ्लुएन्झाच्या विषाणूला मारतं, हे २०१७ मध्ये गाजलं होतं. औषधाच्या दुकानात ते अजून आलेलं नाही.

असं का होतं, हे समजून घ्यायला ऑस्ट्रेलियाचा हिरवा झाडबेडूक बरा. हा गुबगुबीत प्राणी तिथे खुशाल घरांत शिरतो, टपालपेटीत नाहीतर संडासाच्या भांड्यात मुक्काम ठोकतो. त्याच्या कातडीतल्या ग्रंथींत ‘केरिन’ गटातली पेप्टाइडं साठवलेली असतात. त्यांतलं केरिन १.१ म्हणजे अवघ्या २५ अमिनो आम्लांची साखळी. पूर्वी असल्या अभ्यासासाठी बेडूक मारून त्यांची कातडी वाळवत. ॲडलेडचे प्राणिशास्त्रज्ञ मायकेल टायलर आणि रसायनशास्त्रज्ञ जॉन बोवी यांच्या गटाने कातडीला विजेचा अगदी सौम्य झटका देऊन स्राव गोळा करायची रीत बसवली. काम झालं की बेडूक सोडून द्यायचा.

जीवाणूच्या पेशीपटलावर ऋणभार असतो आणि अशा बहुतेक पेप्टाइडांवर धनभार. ती पटलाला चिकटतात आणि त्याला भोकं पाडतात. इथपर्यंत सगळ्या बातम्या सांगतात. पुढचं मात्र कुणी छापत नाही. स्राव अंगावर आल्यानंतर साधारण पाच ते तीस मिनिटांत बेडकाचंच एक विकर कामाला लागतं. ते केरिनच्या टोकाची दोन अमिनो आम्लं छाटतं आणि केरिन निकामी होतं. इतकं जहाल रसायन अंगावर फार वेळ राहिलं तर बेडकालाही सोसत नाही. शिवाय त्या स्रावात एकटं केरिन नसतं. पेप्टाइडांची अख्खी पलटण असते आणि त्यांतली काही शत्रूच्या पोटात गडबड करणारीही असतात. बेडूक अनेक औषधं एकदम वापरतो, फक्त कातडीवर वापरतो आणि लगेच आवरतं घेतो. आपण त्यातलं एकच उचलतो आणि मलमाच्या ट्यूबमध्ये भरायला निघतो.

अमेरिकी संशोधक मायकेल झॅसलॉफ यांनी नेमकं हेच करून पाहिलं. त्यांचा बेडूक झाडावरचा नव्हे, पाण्यातला, आफ्रिकेचा. अमेरिकेत प्रयोगशाळेत अंडाशय काढून, टाके घालून हे बेडूक जंतूंनी भरलेल्या टाकीत परत सोडले जात, तरी जखमा चिघळत नसत. या कोड्यातून १९८७ मध्ये ‘मॅगेनिन’ जगापुढे आलं. त्यात बदल करून मधुमेहींच्या पायाच्या जखमांसाठी ‘पेक्सिगॅनन’ हे मलम तयार झालं. १९९९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला मान्यता नाकारली. नंतर दुसऱ्या कंपनीने पुन्हा चाचण्या घेतल्या. २०१६ मध्ये त्याही फसल्या.

मला झॅसलॉफ आवडतात ते पुढच्या गोष्टीसाठी. या पेप्टाइडांपुढे टिकून राहणं जीवाणूंना फारसं जमणार नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. उत्क्रांतीचे अभ्यासक ग्रॅहम बेल यांना ते पटेना. मग प्रयोग झाला. जीवाणूंच्या शेकडो पिढ्या पेक्सिगॅननच्या वाढत्या मात्रेत वाढवल्या, आणि २४ पैकी २२ वंश प्रतिरोधक झाले. २००६ मध्ये तो निबंध छापून आला तेव्हा लेखकांत झॅसलॉफ यांचंही नाव होतं. आपलाच दावा खोडणाऱ्या कागदावर सही करणारा माणूस औषधाच्या धंद्यात विरळाच.

आणि हे सगळं प्रयोगशाळेपुरतं नाही. कोलिस्टिन हे मातीतल्या जीवाणूपासून मिळालेलं, पटल फोडणारंच पेप्टाइड. अतिदक्षता विभागात शेवटचा उपाय म्हणून ते राखून ठेवतात. तेच जगभर कोंबड्या-डुकरांना वजन वाढवायला चारलं गेलं. २०१५ मध्ये चीनमधून खबर आली की कोलिस्टिनला न जुमानणारं जनुक एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जातं.

त्यामुळे झाडबेडकाचं औषध उद्या खरोखर आलंच, तर त्याची किंमत किती हा माझा पहिला प्रश्न नसेल. ते एकटंच विकणार की जोडीने, आणि कोंबड्यांच्या खाद्यात जाऊ देणार का, हे आधी विचारायला हवं. कोलिस्टिनवर तशी बंदी घालायला आपल्याकडे २०१९ उजाडलं.