कॅमेरा कुठे उभा राहतो?

मागच्या व्याख्यानात आपण पडद्यावरच्या स्त्रीकडे कॅमेरा कसा बघतो, ते पाहिलं. आज तोच प्रश्न समलिंगी पुरुषांवरच्या चित्रपटांना विचारू.

माणसाचं वस्तूकरण म्हणजे काय? त्याचं शरीर दिसतं, पण त्याची मर्जी मोजली जात नाही. हिंदी सिनेमात समलिंगी पुरुष बराच काळ दिसला तो हसण्यासाठी, नाहीतर कीव करण्यासाठी. दोन्हीकडे तो वस्तूच.

आता हंसल मेहतांचा ‘अलीगढ’ घ्या. भारतात तो २०१६ साली प्रदर्शित झाला. प्राध्यापक श्रीनिवास रामचंद्र सिरस अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवायचे, कविताही लिहायचे. फेब्रुवारी २०१० मध्ये दोन माणसं कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसली आणि त्यांचं खाजगी आयुष्य चित्रित केलं. त्यानंतर निलंबन झालं ते सिरसांचंच! १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. ७ एप्रिलला ते घरात मृतावस्थेत सापडले.

दिग्दर्शकापुढची अडचण लक्षात घ्या. ज्या साधनाने या माणसाची अब्रू घेतली, त्याच साधनाने त्याची गोष्ट सांगायची. चित्रपटात छाप्याचं दृश्य आहेच. पण मनात राहतं ते दुसरंच. मनोज बाजपेयींचा सिरस रात्री एकटा बसलाय, हातात पेला, लताबाईंचं जुनं गाणं लागलंय, आणि तो सोबत गुणगुणतोय. कॅमेरा नुसता थांबतो. आपण इथेही त्याच्या घरातच आहोत. मग फरक काय? छापा घालणाऱ्यांना पुरावा हवा होता. इथे कुणाला काही सिद्ध करायचं नाही. एखाद्याला उघडं पाडणं वेगळं आणि त्याने आपणहून मन उघडं करणं वेगळं.

तरी एक प्रश्न उरतोच: असा हळवा माणूस पडद्यावर शेवटी मरतो किंवा एकटाच उरतो, असं का? ‘ब्रोकबॅक माउंटन’मध्येही (२००५) एक जण मरतो, दुसरा एकटा राहतो.

म्हणून रोहन कानवडे यांचा मराठी ‘साबर बोंडं’ महत्त्वाचा. २०२५ च्या सनडान्स महोत्सवात त्याला जागतिक कथापट विभागाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी आनंद मुंबईहून गावी येतो. तिथे लहानपणीचा मित्र बाळ्या भेटतो. दुःख आहे, नातेवाइकांचा लग्नाचा तगादा आहे. पण आईला सगळं ठाऊक आहे, आणि हे दोघं एकमेकांना धीर देतात. हळवेपणाची शिक्षा इथे मिळत नाही. त्याला सोबत मिळते.

पुढचा असा चित्रपट पाहताना आपण स्वतःला एवढंच विचारू या: आपण फटीतून डोकावतोय, की आपल्याला आत बोलावलंय?